तीन वेढे

कुमुद ऐनापुरेनं उमेदीची सतरा वर्षं रस्त्याकडेच्या खड्ड्यांत काढली, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. खड्ड्यात उतरायचं, केबल सोलायची, आतल्या केसाएवढ्या काचेच्या तारांची तुटकी टोकं समोरासमोर धरून ठिणगीनं वितळवून जोडायची, की दहा गावांचे फोन पुन्हा बोलायला लागायचे. मिरजेपासून जतपर्यंत कुठेही केबल तुटली की ठेकेदार म्हणायचा, "ऐनापुरेबाईंना पाठवा. त्यांचा हात हलत नाही." यावर तिचा नवरा, होता तोवर, न चुकता म्हणायचा, "सगळं हलणं जिभेत गेलंय ना!"

मग खड्डेच संपले.

त्याचं असं झालं. काचेची तार अगदी बारीक असली की तिच्यातून उजेड एकाच रीतीनं जातो. जराशी जाड घेतली की शेकडो रीतींनी जातो. एखादी रीत मधून सरळ, एखादी कडेकडेनं, एखादी पीळ घेत. शास्त्रज्ञ या रीतींना 'मोड' म्हणतात. सगळे मोड एकदम निघतात, वाटेत एकमेकांत मिसळतात, आणि पलीकडच्या टोकाला नुसता ठिपक्यांचा काला बाहेर पडतो. वर्षानुवर्षं सगळे या काल्याला वैतागलेले होते. पुढे कोणाच्या तरी ध्यानात आलं, की काला असला तरी तार हलवली नाही तर तो दरवेळी तोच असतो. मग तो एकदा मोजून ठेवला आणि उलटा वाचला, तर हरवलेलं सगळं परत मिळेल.

तसं ते मिळालं. एकेका मोडवर वेगवेगळा निरोप पाठवता येऊ लागला. जिथे शंभर तारा लागत तिथे एक पुरली, आणि तारा जोडणारे बहुतेक हात रिकामे झाले. त्यात कुमुदचेही होते.

पण त्याच युक्तीची दुसरी बाजू दवाखान्यांत शिरली. मोजणी हाताशी असली की तारेच्या या टोकाला उजेडाला असा काही आकार देता येतो, की त्या टोकाला एकच लख्ख ठिपका उमटावा. तो ठिपका फिरवायचा, समोरून परत येणारा उजेड टिपायचा, की चित्र तयार. भिंग नको, कॅमेरा नको, केसाएवढी तार हाच डोळा. तो शरीरात अशा ठिकाणी जातो जिथे दुसरं काही शिरत नाही. मिरजेतल्या एका कानाच्या रुग्णालयानं तसं यंत्र घेतलं आणि तारा हाताळायला न हलणारे हात शोधायला सुरुवात केली. अशा रीतीनं, ज्या शोधानं कुमुदला खड्ड्यातून हुसकलं त्यानंच तिला गार खोलीत, पांढरा कोट घालून स्टुलावर बसवलं. तिनं दोन्ही गोष्टी सारख्याच शांतपणे घेतल्या.

हे सगळं तिनं पहिल्यांदा दस्तगीरचाचांना समजावलं, तेव्हा त्यांचा फक्त उजवा कान बहिरा होता. लहानपणी गालफुगीत त्या बाजूची नसच मेली होती. डाव्या कानावर त्यांनी पन्नास वर्षं तंबोरे बनवले. कुमुदचे वडील त्यांच्याकडे भोपळ्यांना पॉलिश करत. त्यामुळे ती त्या दुकानात रांगायला शिकली आणि काम संपलं की अजूनही तिकडेच वळायची.

"म्हणजे आमच्या तारेचंच झालं की," चाचा म्हणाले होते. "एक तार छेडली तर तिच्यात काय एकच सूर असतो होय? पोटात दहा असतात, सगळे एकात एक. तारेखालची घोडी कानशीनं घासून घासून आपण त्यांना वाट करून देतो. तिलाच जवारी म्हणायचं. तुमचे शास्त्रज्ञ उजेडाची जवारी काढतात म्हणायचं."

"शास्त्रज्ञांना सांगते, चाचा."

"सांग. फुकट शिकवतो म्हणावं, मिरजेला या."

हे चार वर्षांपूर्वीचं. गेल्या चौदा महिन्यांत डावा कानही उतरत गेला. आधी टाळ्या गेल्या, मग दाराची कडी, मग टेम्पोचा भोंगा. टेम्पो एकदा अगदी कोपराला घासून गेला. चाचांची मुलगी शमीम सांगलीला शाळेत शिकवायची. लग्नानंतरही ती वडिलांजवळच राहिली होती आणि कुमुदची ती बिगरीपासूनची मैत्रीण. ती दिवसभर वर्गात ओरडून यायची आणि संध्याकाळी घरात ओरडायची. चाचांना तिचं काही म्हणजे काही ऐकू यायचं नाही. कुमुद शेजारी बसून आपल्या घोगऱ्या आवाजात काही बोलली तर मात्र कधीकधी ते मान डोलवायचे.

"तुझं बरं कळतं त्यांना," शमीम म्हणायची. "माझ्याशी बोलायचंच नसतं."

"तसं नसतं गं."

"मग कसं असतं?"

याचं उत्तर कुमुदला माहीत नव्हतं. डॉक्टर वैजयंती मगदुमांना होतं, निदान त्यांना तसं वाटत होतं. त्यांनी चाचांचा कान आवाजाच्या यंत्रावर तपासला. उंच सूर पार गेले होते. अगदी खालच्या खर्जाला मात्र चाचांनी बोट वर केलं.

"हे ऐकणं नव्हे," डॉक्टर म्हणाल्या. "मोठा खर्ज लावला की हाडाला कंप जाणवतो. पूर्ण बहिऱ्या माणसालाही जाणवतो. आत खरंच काही जिवंत आहे का, ते तारेनंच कळेल."

कानाच्या आत गोगलगाईच्या शंखासारखं एक वेटोळं असतं. त्यात चार ओळींत हजारो बारीक पेशी उभ्या असतात, डोक्यावर केसांचा तुरा असलेल्या. आवाज आला की तुरा हलतो आणि मेंदूला निरोप जातो. शंखाच्या तोंडाशी असतात त्या उंच सूर ऐकतात, आत टोकाला असतात त्या खर्ज. मेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. जिवंत असेल ती नव्या औषधानं काही वर्षं टिकवता येते. आणि सगळ्याच गेल्या असतील तर शंखात विजेची पट्टी बसवायची. तिनं बोलणं कळतं, हाक कळते, भोंगा कळतो. सूर कळत नाहीत. शिवाय पट्टी आत सरकवताना उरलंसुरलं असेल तेही बहुतेक चिरडलं जातं. म्हणून आधी तार घालून बघायचं.

कुमुदनं तार धरली, डॉक्टरांनी ती शंखात सरकवली. पडद्यावर ओळी उमटल्या. चारही ओळी जवळजवळ टकल्या, आणि तिसऱ्या ओळीत तर तुटक्या कंगव्यासारखी लांब पोकळी.

"काही उरलेलं नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पट्टी बसवू. पुढच्या गुरुवारी."

चाचांसाठी त्यांनी ते फळ्यावरही लिहिलं. ते वाचून चाचा कुमुदकडे वळले. "मला खर्ज ऐकू येतो, पोरी. खालचा सा येतो."

कुमुदनं त्यांच्या कानाशी तोंड नेलं. "येत नाही, चाचा. जाणवतो. हाडाला. मी बघितलंय आतलं."

"तू बघितलंयस?"

"हो."

"मग झालं," म्हणून त्यांनी कागदावर सही केली.

*

मंगळवारी दुपारी जयसिंगपूरच्या एका बाईंची तपासणी होती. बाई सत्तरीच्या, चाचांच्याच वयाच्या. कुमुदनं नेहमीप्रमाणे चित्र जपून ठेवलं, आणि ठेवताना तिचं लक्ष तिसऱ्या ओळीकडे गेलं. तिथे तुटका कंगवा होता.

तिनं चाचांचं चित्र काढून शेजारी लावलं. तीच पोकळी, तेवढीच लांब, डावीकडून तेवढ्याच अंतरावर. दोन परक्या माणसांच्या कानांत एकच भोक कसं पडेल? अंगठ्याचे ठसे जुळत नाहीत, आणि हे जुळतंय?

ती स्टुलावरून उठली आणि तिनं यंत्रापासून खुर्चीपर्यंत तारेवर नजर फिरवली. भिंतीवर खिळा होता. खिळ्यावर तारेचे तीन वेढे होते, तळहाताएवढे, एकसारखे, दोन ठिकाणी चिकटपट्टी लावलेले. फार सुबक होते. तिनंच घातले होते.

अकरा दिवसांपूर्वी नवी तार आली, ती जुनीपेक्षा हातभर लांब. मोकळी लोंबायची. झाडणाऱ्या मावशींचा पाय अडकला. खड्ड्यात जोड दिला की कुमुद आणि तिच्यासारखे सगळे मीटरभर तार जादा सोडून तिचे वेढे घालून ठेवत. पुढे कधी पुन्हा तुटली तर येणाऱ्याला जोडायला पुरावी, एवढाच हेतू. लोंबती तार दिसली की हात आपोआप तिकडे जायचे. यंत्राची मोजणी रोज सकाळी व्हायची. मोजणीत गडबड नको म्हणून कुमुद तोवर तारेला हात लावायची नाही. मोजणी झाली की मात्र वेढे घालायची, संध्याकाळी सोडायची. म्हणजे यंत्र मोजायचं सरळ तार, आणि बघायचं वेढ्यांतून.

वाकवली की तारेतले मोड वेगळ्याच तऱ्हेनं मिसळतात. सकाळचा हिशेब दुपारी लागू पडत नाही. पूर्वी अशा वेळी पडद्यावर नुसतं धुकं यायचं आणि कोणीही शहाणा माणूस थांबायचा. नव्या यंत्राला धुकं आवडत नव्हतं. त्याला हजारो कानांची चित्रं दाखवून शिकवलेलं होतं. जिथे दिसत नाही तिथे ते वय बघून सहसा जे असतं ते भरायचं. सत्तरीतल्या माणसाच्या कानात सहसा काय असतं? टक्कल.

तिनं चाचांना 'मी बघितलंय' म्हणून सांगितलं होतं. तिनं एक अंदाज बघितला होता.

*

"तीन वेढे," डॉक्टर मगदूम म्हणाल्या.

"तळहाताएवढे."

"वाकवू नका म्हणून पुस्तकाच्या पहिल्या पानावर लिहिलंय."

"वाचलंय. मला वाटलं, मोजेपर्यंतच वाकवायची नाही."

"किती जण झाले अकरा दिवसांत?"

"नऊ."

डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "त्यातल्या दोघांना मी पट्टी बसवलीय. सोमवारी."

त्या दोघांच्या कानांत सोमवारआधी काय होतं, ते आता कुठल्याही तारेला दिसणार नव्हतं.

"त्यांना मी सांगेन. ते काम माझं," डॉक्टर म्हणाल्या. "तुम्ही आला नसता तर मला हे कळलं नसतं."

"नसतं."

"मग का आलात?"

"चाचांचं परवा आहे."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. "नियमाप्रमाणे मला तुम्हाला चौकशी होईपर्यंत घरी बसवावं लागेल."

"बसवा. पण त्यांचं परत बघा."

"परत तार घालायची म्हणजे शंभरात चार जणांना इजा होते. उरलेलं असेल तर तेही जाईल. हे मी ठरवू शकत नाही. तुम्हीच जाऊन विचारा. सांगितलंही तुम्हीच होतं ना?"

*

दुकानात चाचा एका भोपळ्याची कड घासत होते. शमीम शाळेतून नुकतीच आलेली, पर्स अजून खांद्याला. कुमुदनं सगळं सांगितलं, आधी शमीमला, मग चाचांच्या कानाशी, तुकड्या-तुकड्यानं. खिळा, वेढे, कंगवा, काही लपवलं नाही.

शमीम आधी पांढरी पडली, मग लाल. चिडली की ती मराठीतच बोलायची, शाळेतली सवय. "चौदा महिने वाट बघितली मी, कुमुद. परवा त्यांना माझा आवाज ऐकू आला असता."

"आला असता. पण आत काही जिवंत असेल तर ते मारून."

"असेल तर! आणि नसेल तर? परत टोचायचं, शंभरात चार?"

"हो."

चाचांना दोघींचे हे शब्द कळले नव्हते, पण तोंडं दिसत होती. त्यांनी कानस खाली ठेवली. "म्हणजे तू बघितलं नव्हतंस."

कुमुदनं 'नाही' म्हणून मान हलवली.

"मी म्हणालो होतो, सा येतो म्हणून."

"हो, चाचा."

"आणि तू मला गप्प केलंस."

ते एवढंच म्हणाले. रागानं नव्हे, एखाद्या तंबोऱ्याची चीर दाखवावी तसं. कुमुदला वाटलं, त्यापेक्षा कानस फेकून मारली असती तर बरं झालं असतं. मग त्यांनी हात झटकले. "घाल परत तार."

*

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी दुसऱ्या तंत्रज्ञाला बोलावलं होतं. चाचा खुर्चीत बसायलाच तयार होईनात.

"तार कुमुदच धरेल."

"त्यांच्याच हातून चूक झालीय, चाचा," डॉक्टर मोठ्यानं म्हणाल्या आणि फळ्यावर लिहूनही दाखवलं.

चाचांनी फळा वाचला. "म्हणूनच. आता ती जन्मात वेढा घालणार नाही. या नव्या गृहस्थांचं काय सांगावं?"

शेवटी कुमुदनंच धरली. या वेळी मोजणी तिच्या हातांत तार असतानाच केली, यंत्रापासून कानापर्यंत ताठ, आणि मग तो आकार मोडायचा नव्हता. तेवीस मिनिटं. नवव्या मिनिटाला तिच्या खांद्यात गोळा आला. पंधराव्याला बोटं कोणा दुसऱ्याची वाटायला लागली. यंत्राचं भरून काढणं डॉक्टरांनी बंद करून ठेवलं होतं, त्यामुळे पडद्यावर बराच वेळ फक्त करडं धुकं होतं. मग धुक्यातून शंखाचं तोंड वर आलं. तिथे ओसाड होतं. टक्कल, पोकळ्या, वाकलेले एकटेदुकटे तुरे. यंत्राचा अंदाज इतका चुकलेला नव्हता, म्हणजे तोंडाशी तरी.

"पुढे," डॉक्टर स्वतःशीच म्हणाल्या आणि तार कणभर आत सरकली.

शंखाच्या टोकाकडे, शेवटच्या अर्ध्या वळणात, तुरे उभे होते. सगळे नव्हते. चौथी ओळ विरळ होती, पण तिसरी जवळजवळ अखंड. कुमुदला बघता येत नव्हतं. तिची नजर तारेवर होती. डॉक्टर एकदम थांबल्या, त्यावरून तिला कळलं.

चित्र तयार झाल्यावर चाचांनी ते मागून घेतलं. मागच्या वेळी त्यांनी बघितलंही नव्हतं. आता त्यांनी चष्मा लावला, कानामागची पेन्सिल काढली आणि पडद्यावरच टोक टेकवत एकेक तुरा मोजायला लागले. डॉक्टरांनी फळ्यावर लिहिलं: 'टोकाच्या पेशी. फक्त खालचे सूर. औषधानं तीन-चार वर्षं टिकतील. पट्टी बसवली तर जातील.' खाली आणखी एक ओळ लिहिली: 'तुम्हाला खर्ज खरंच ऐकू येतो. माझं चुकलं.'

"हे सगळे ऐकतात?" चाचांनी विचारलं.

डॉक्टरांनी मान डोलावली.

"मग त्यांना असं कसं काढायचं?" त्यांनी पेन्सिल परत कानामागे खोचली. "पट्टी नको."

शमीम दारात उभी होती. ती वळली आणि निघून गेली.

*

संध्याकाळी कुमुद दुकानात गेली, कारण दुसरीकडे जायला तिला जागा नव्हती. रुग्णालयानं महिनाभर घरी बसवलं होतं. शमीम भोपळ्यांच्या उतरंडीशी बसली होती. तिनं कुमुदकडे बघितलं नाही.

"मिळालं ना हवं ते?" ती म्हणाली. "तुझा आवाज ऐकण्यापुरता कान ठेवला त्यांनी."

"शमीम—"

"मुलीचा आवाज नाही ऐकला तरी चालतो. तंबोरा ऐकू आला पाहिजे. टेम्पोखाली जातील एक दिवस आणि मी बोंब मारत राहीन!"

तिचा आवाज चढत शेवटच्या शब्दाला किंचाळीला टेकला. चाचांनी तिचे ओठ हलताना बघितले, कपाळाला आठ्या घातल्या आणि सवयीनं कुमुदकडे वळले. काय म्हणतेय, असा हात केला.

कुमुदनं सांगायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. चौदा महिने हे घर ओरडत होतं. ओरडलं की माणसाचा आवाज वर चढतो. शमीम जितकी जीव तोडून ओरडत होती तितकी शंखाच्या ओसाड तोंडाशीच अडत होती. पेशी होत्या त्या पार आत, खाली. तिथवर ती कधी उतरलीच नव्हती.

"तूच सांग," कुमुद शमीमला म्हणाली. "पण ओरडू नकोस. खाली ये. आवाज खाली आण."

"माझी चेष्टा करू नकोस हं."

"डॉक्टरांनी लिहिलेलं वाचलंस ना? खालचे सूर. माझा आवाज घोगरा, खालचा आहे म्हणून त्यांना कळतो, लाडाचा आहे म्हणून नाही."

शमीम तिच्याकडे बघत राहिली. चाचांना एव्हाना काहीतरी उमगलं होतं. त्यांनी स्टूल ओढलं, मुलीसमोर बसले, डावा कान तिच्याकडे केला आणि खुंटी पिळताना करतात तसा हात हवेत धरला.

"अब्बा," शमीम म्हणाली.

हात खाली झाला. अजून खाली.

"अब्बा."

अजून.

तिनं हनुवटी छातीला टेकवली. एवढ्या वर्षांत मुलांना दटावण्यासाठी, हाका मारण्यासाठी, प्रार्थनेसाठी वापरलेला सगळा आवाज तिनं बाजूला ठेवला आणि पोटातून, जाडाभरडा, बाईमाणसाला न शोभणारा असा एक आवाज काढला.

"मला तुमचा राग आलाय."

चाचांचा हात हवेत थांबला. दोन बोटं जुळली. तार लागली की ते तशी जुळवायचे.

"आला ऐकू," ते म्हणाले. "किती आलाय?"

शमीमनं पर्स खांद्यावरून काढून खाली ठेवली आणि दीर्घ श्वास घेतला. चौदा महिन्यांचं साठलेलं होतं. कुमुद उठली, दोघांना तिथेच सोडून चहा ठेवायला आत गेली. लवकर आटपण्यातलं ते प्रकरण नव्हतं.